पुलावरून पडणारी माणसं

श्रावण निम्मा उलटला की सिल्वासातला पाऊस शहाणा होतो. आषाढातला त्याचा धसमुसळेपणा ओसरलेला असतो. सकाळी कामावर जाणाऱ्यांना तो जाऊ देतो, दोरीवरचे कपडे अर्धेमुर्धे वाळू देतो आणि दुपारची जेवणं उरकली की मांडी ठोकून बसल्यासारखा पडत राहतो. डोकमर्डीतल्या आमच्या घराच्या गॅलरीतून मग समोरची झाडं तेवढी दिसतात. त्यामागचे कारखाने, त्यांच्या पाण्याच्या टाक्या, ट्रकांची रांग, सगळं पुसलं जातं. अशाच एका दुपारी सायली, माझी लेक, पुण्याहून सुट्टीवर आलेली, माझ्याशेजारी येऊन बसली आणि तिनं माझ्या हातात चष्म्याच्या डबीएवढं एक यंत्र ठेवलं.

“आई, डोळे मीट. हं, आता उघड.”

पडद्यावर एक नदी होती. नदीवर झुलता पूल. पुलावरून काळी काळी माणसं एकामागून एक चाललेली. खाली एक नाव आणि नावेत नावाडी.

“हा कुठून आणलास गं?”

“यात सगळे जुने खेळ घालता येतात. तुमच्या वेळचे, हातात धरून खेळायचे. हा मात्र सापडता सापडेना. मामाला फोन करकरून शेवटी शोधला.”

मी डावं बटण दाबलं. टिक्. नाव एक घर डावीकडे सरकली. उजवं दाबलं. टिक्. नाव परत जागेवर. अंगठ्याला काही शिकवावं लागलं नाही. मात्र डोळ्यांना काहीतरी वेगळं वाटत होतं. हा पडदा फार लख्ख होता, स्वतःच्या उजेडानं उजळलेला. मूळ खेळाला स्वतःचा उजेड नव्हता. तो खिडकीपाशी नाही तर दिव्याखाली तिरपा धरावा लागे, आणि तसा धरला की अजून न घडलेल्या गोष्टीही त्यात दिसत. म्हणजे असं, की माणूस पडताना ज्या ज्या जागी दिसणार, त्या सगळ्या जागी त्याच्या पुसट सावल्या आधीपासून काचेत असायच्या. खेळ सुरू व्हायच्या आत सगळी माणसं एकदम हवेत पडताना दिसायची.

सायलीला मी हे सांगितलं, तर तिनं कुठंतरी दोन बटणं दाबली आणि त्या सावल्याही आणल्या. कुणा भल्या माणसानं त्यांचीही आठवण ठेवून सोय करून ठेवली होती. मी बघत राहिले. बाहेर पाऊस तसाच चाललेला होता, आणि मला टोकरखाड्यातल्या, आमच्या सिल्वासातल्या पहिल्या बिऱ्हाडातल्या, त्या पावसाळ्याचा वास आला. ओल्या सुताचा, मशीनच्या तेलाचा, आणि खाटेखाली ठेवलेल्या कोळशाच्या शेगडीचा.

तो खेळ आमच्या घरी आला तेव्हा मी शाळेत होते. ऐंशीच्या दशकातलं नाशिक. वडिलांचे एक मित्र आखाती देशातून आले होते. त्यांनी आम्हा दोघा भावंडांत मिळून एकच भेट आणली. तळहाताएवढा तो खेळ, पाठीमागे दोन बटणसेल, पुढे दोन बटणं आणि मधे ती नदी. त्यात दुसरं काही नव्हतं. जन्मभर तेवढा एकच खेळ खेळायचा. पुलाची एखादी फळी निसटे, वरून चालणारा माणूस खाली येई, आणि तो पाण्यात पडायच्या आत नाव त्याच्याखाली न्यायची. झेलला तर टिक्. हुकला तर एक घोगरा आवाज येई आणि कोपऱ्यात फुली उमटे. तीन फुल्या झाल्या की संपलं.

अभय माझ्याहून बराच लहान. तो त्या माणसांना नावं द्यायचा. हे दूधवाले काका, ह्या मराठीच्या बाई, हा टपाल घेऊन येणारा. “दमानं काका, दमानं, ताई नाव आणतेय!” असं ओरडायचा. तिसरी फुली पडायची वेळ आली की तो माझ्या हातातून खेळ हिसकावून सेलच काढून टाकी. म्हणे, आता कुणी बुडालं नाही. बंद पडलं होतं ना! मी चिडायचे. माझ्या चांगल्या गुणांची त्यानं कितीदा माती केली असेल.

मी लग्न होऊन सिल्वासाला निघाले तेव्हा अभयनं तो खेळ माझ्या बॅगेत सरकवला. “तिकडं तुझ्या ओळखीचं कुणी नाही,” एवढंच म्हणाला.

खरंच नव्हतं. नव्वदीच्या मध्यावरचं सिल्वासा म्हणजे कुठून कुठून आलेल्या माणसांचं गाव. भाजीवालीशी बोलायला एक भाषा, रिक्षावाल्याशी दुसरी, घरात तिसरी, आणि बिल्डिंगच्या जिन्यात तिन्हींची खिचडी. माझे यजमान, श्रीकांत, सूत काढणाऱ्या एका कारखान्यात शिफ्ट सांभाळायचे. घरी आले की त्यांच्या शर्टाला तेलकट वास आणि केसांत सुताचे बारीक तंतू असायचे. कारखान्यातून आणलेल्या, सूत गुंडाळायच्या रिकाम्या बॉबिनी आमच्या घरात सगळीकडे होत्या. लाटणं अडकवायला बॉबिन, दाराला टेकू बॉबिन. श्रीकांत बोलायला कमी. पण अबोल नव्हेत, शब्द जपून वापरणारे. दिवसभर मशीनच्या गोंगाटात ओरडून बोलावं लागायचं, म्हणून घरी आल्यावर त्यांना गप्प बसण्याची चैन वाटत असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

टोकरखाड्यातल्या आमच्या समोरच्या दारात सुमनबाई राहायच्या. शिरपूरकडच्या. त्यांचे यजमान त्याच कारखान्यात मशीनवर होते. पहिल्या दिवशी त्या दारात येऊन मला नुसत्या बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “एकटीच बसू राहिली व? आमच्याकडं ये ना बसाले.” तेव्हापासून आमची दारं दिवसा कधी बंद झाली नाहीत.

एका हिवाळ्यात माझं पहिलं बाळ गेलं. चौथा महिना होता. त्याबद्दल मला फार काही लिहिता येत नाही, आणि तेव्हा बोलताही येत नव्हतं. दवाखान्यातून घरी आल्यावर मी भिंतीकडं तोंड करून पडून असे. श्रीकांत कामावरून येत, माझ्या उशाशी बसत, उठत, पुन्हा बसत. एक दिवस त्यांनी बाजारातून नवे सेल आणले, कपाटातून तो खेळ शोधून काढला, त्यात घातले आणि माझ्या हातात दिला. “जरा मन रमेल,” म्हणाले.

मी खेळायला लागले. सुरुवातीला बरंही वाटलं. मग एक माणूस हुकला. तो घोगरा आवाज आला आणि कोपऱ्यात फुली उमटली.

मी खेळ हातातून खाली ठेवला. सेल काढले. गोधड्यांच्या पेटीत, सगळ्यात तळाशी तो ठेवून दिला. श्रीकांतनी हे पाहिलं, पण विचारलं काहीच नाही.

पुढच्या वर्षी हिवाळा सरता सरता पुन्हा दिवस राहिले. डॉक्टरीणबाई गुजराती होत्या. गोऱ्या, ठेंगण्या, बोलताना समोरच्याचा हात हातात घेणाऱ्या. त्यांनी तपासलं आणि सांगितलं, “बेन, आता बाळ येईपर्यंत पलंग सोडायचा नाही. मी सांगेन तेव्हाच उठायचं. रडायचं असेल तर पडल्या पडल्या रडा.” असं म्हणून त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

श्रीकांतनी खाट खिडकीपाशी आणली. नाशिकहून आई येऊन जाऊन असे, पण वडिलांचं आजारपण होतं, तिला कायम राहता येत नव्हतं. एरवी सुमनबाई. वरण-भात, कधी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कधी नुसतीच गप्पांना बसायला. पावसाळा आला तसे कपडे वाळेनासे झाले. त्या शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर माझे परकर आणि श्रीकांतचे शर्ट वाळत टाकायच्या. धूर, ओल आणि तेल यांचा मिळून तो वास घरभर असायचा. खिडकीतून मला पत्र्याचं एक छप्पर दिसे, आणि त्याच्या पलीकडं कारखान्याकडं जाणारा रस्ता. शिफ्ट बदलताना त्यावरून छत्र्यांची रांग जायची, आणि मग रस्ता रिकामा व्हायचा.

वेळ जात नव्हता असं मी म्हणणार नाही. वेळ जाऊ नये असंच वाटे. आजचा दिवस ठीक गेला, आता तो इथंच थांबावा, उद्या उजाडूच नये. दिवसभर माझं सगळं लक्ष पोटाकडं असायचं. कुणी बोलत असलं तरी अर्धा कान आत.

आषाढात अभय आला. तो तोवर मालवाहू जहाजावर नोकरीला लागला होता. दोन फेऱ्यांच्या मधे सुट्टी मिळाली की नाशिकला जाण्याआधी माझ्याकडं यायचा. भिजलेली बॅग दारातच टाकून तो खाटेशी बसला आणि खिशातून एक जांभळं, पारदर्शक कवचाचं यंत्र काढलं. आतल्या तारा आणि हिरवी पट्टी बाहेरून दिसत होती.

“ताई, हे बघ. रंगीत आहे. यात निरनिराळे खेळ घालता येतात. आणि हा बघ कुठला खेळ मिळाला मला. दुकानात बघितल्यावर मी जवळजवळ ओरडलोच!”

त्यानं काड्यापेटीएवढी एक वडी यंत्राच्या पाठीत खुपसली आणि यंत्र सुरू केलं. नदी. पूल. नावाडी.

“त्याच लोकांनी आता या नव्या यंत्रासाठी पुन्हा काढलाय. आतमध्ये दोन आहेत. एक जुना, आपला होता तस्साच, काळा. आणि एक नवा, रंगीत.”

त्याचा चेहरा इतका फुलला होता, की मला नाही म्हणवेना. पण हातही पुढं होईना. मी म्हटलं, “अभय, मला नको रे तो खेळ.”

“का?”

तो माझ्याकडं बघत राहिला, मग माझ्या पोटाकडं, मग हातातल्या यंत्राकडं. आणि एकदम त्याचा चेहरा उतरला. त्याला काही सांगावं लागलं नाही. जो मुलगा तिसऱ्या फुलीच्या आत सेल काढून टाकायचा, त्याला कोण काय सांगणार?

“मी घेऊन जातो परत,” तो म्हणाला.

पण जाताना त्यानं ते नेलं नाही. मुद्दाम ठेवलं की विसरला, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. दुसऱ्या दिवशी ते मला खिडकीच्या कठड्यावर दिसलं.

आठवडाभर ते तिथंच पडून होतं. एका दुपारी सुमनबाई रेशनच्या रांगेत गेल्या होत्या, श्रीकांत कामावर होते, पाऊस तिरपा लागत होता, आणि यंत्र भिजेल म्हणून मी ते हात लांब करून उचललं. हातात आलं तसं सुरू केलं. जुना आणि नवा असे दोन पर्याय होते. जुन्यावर गेले नाही. नवा उघडला.

नदी निळी होती. पुलाच्या फळ्या तपकिरी. माणसांना आता टोप्या होत्या, रंगीत सदरे होते. कुणाच्या हातात पेटी, कुणाच्या डोक्यावर गाठोडं. ते सावल्यांचे ठसे कुठंच नव्हते. जे घडत होतं तेवढंच दिसत होतं. नाव टिक् करून घराघरानं सरकत नव्हती, पाण्यावरून वाहत जात होती. मी एक झेलला, दुसरा झेलला. तिसरा लाल टोपीवाला उजव्या कडेला आला आणि मी डावीकडं होते. मी डोळे मिटून घेतले.

घोगरा आवाज आला नाही. डुबुक् असा काहीतरी आला. डोळे उघडले तर लाल टोपी पाण्यावर तरंगत होती. मग टोपीखालून डोकं वर आलं. त्या माणसानं तोंडातून पाण्याची चूळ टाकली, टोपी डोक्यावर चढवली आणि हात मारत मारत तो काठाकडं निघाला. काठावर चढून त्यानं अंग झाडलं आणि पुन्हा पुलाच्या रांगेत, सगळ्यांच्या मागं जाऊन उभा राहिला.

मी पुढचा मुद्दाम सोडला. तोही पोहला. एक बाई सोडली. तिनं गाठोडं डोक्यावर धरून पोहत काठ गाठला. कोपऱ्यात फुल्या उमटत होत्या, खेळ संपत होता, मी पुन्हा सुरू करत होते आणि एकेकाला पाण्यात पडू देत होते. सुमनबाई आल्या तेव्हा माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि मी हसत होते.

“काय झालं व माय? दुखू राहिलं का?”

“नाही हो. हे बघा.”

पदराला हात पुसून त्या वाकून बघू लागल्या. “हा गडी पडला.”

“हो.”

“मेला का?”

“नाही. बघा तर.”

लाल टोपीवाला काठावर चढला. सुमनबाई खाटेच्या कडेला टेकल्या. मग माझ्या कपाळावरचे केस मागं सारत म्हणाल्या, “मग खेळ. पडून उठतो, असा खेळ चांगला. तो दुसरा कशाले खेळायचा?”

त्यानंतर श्रावणभर मी तो खेळले. खेळताना सगळा वेळ कान आत लावून पडायची सवय सुटत गेली. या यंत्रालाही स्वतःचा उजेड नव्हता, त्यामुळं ढग दाटले की चित्र दिसेनासं होई आणि मी यंत्र छातीवर ठेवून निजून जाई. दिवसा मला झोप लागते हे ऐकून डॉक्टरीणबाई खूश झाल्या. श्रीकांत घरी आले की कठड्यावरच्या यंत्राकडं बघत, पण त्यांनी ते कधी हातात घेतलं नाही. त्या घरात खेळाचा विषय दोघांनीही काढायचा नाही, असं जणू ठरलं होतं.

भाद्रपदात एक दिवस सकाळपासून बाळ हललं नाही.

आधी वाटलं, माझं लक्ष नसेल. मग डाव्या कुशीवर वळले. गूळपाणी प्यायले. पोटावर हात ठेवून बसले. पाऊस असा कोसळत होता की पत्र्याच्या छपरावर दुसरा कुठलाच आवाज शिल्लक नव्हता. दुपार झाली तरी काही नाही. सुमनबाईंना हाक मारली, ती कशी मारली मला आठवत नाही. त्या आल्या, माझ्याकडं एकदाच बघितलं. श्रीकांतना कारखान्यात निरोप धाडला, खाली जाऊन रिक्षा आणली आणि मला धरून एकेक पायरी उतरवलं. रस्त्यावर पाणी चढलं होतं. रिक्षा मधेच घरघरत बंद पडायला आली, तशा सुमनबाई ड्रायव्हरच्या पाठीवर थोपटत म्हणाल्या, “भैया, आस्ते, पर बंद मत करना. बिलकुल बंद मत करना.” वाटभर त्या तेवढंच म्हणत होत्या, आणि ते रिक्षाला होतं की माझ्या पोटातल्या जिवाला, कोण जाणे.

दवाखान्यात मला आडवं केलं तेव्हा नर्सनं माझी मूठ उघडली. आत ते जांभळं यंत्र होतं. मी ते कधी उचललं होतं, देव जाणे.

डॉक्टरीणबाईंनी पोटावर गार काहीतरी चोपडलं आणि एक बारकं यंत्र फिरवायला लागल्या. खरखर. नुसती खरखर. त्यांनी जागा बदलली. खरखर. मी छताकडं बघत होते. तिथं ओलीचा एक डाग होता. सुमनबाईंनी माझा पाय घट्ट धरला होता.

मग आवाज आला. शिवणयंत्र कुणीतरी भरधाव चालवावं तसा. धक्धक्धक्धक्, न थांबता.

“सांभळो, बेन,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ऐकलं? एकदम सरस. तुमचं बाळ आईला घाबरवून आरामात झोपलंय.” त्यांनी पोटावर हातानं दोनदा हलकेच ढकललं, आणि आतून, चिडल्यासारखी, एक सणसणीत लाथ आली.

मी काय केलं ते सांगत बसत नाही. सुमनबाईंनी मात्र खाली फरशीवर बसकण मारली आणि सगळ्या देवांची नावं घेऊन झाल्यावर त्या डॉक्टरीणबाईंनाच नमस्कार करू लागल्या.

मला दोन दिवस तिथंच ठेवून घेतलं. श्रीकांत आले ते कारखान्याच्या कपड्यांत, नखशिखान्त भिजलेले. दारात उभे राहून त्यांनी आधी डॉक्टरीणबाईंकडं पाहिलं. बाईंनी मान डोलावली. तरी श्रीकांत आत येईनात. मी म्हटलं, “अहो, या ना.” तेव्हा ते आले आणि खाटेशेजारच्या बाकावर बसले. बुटांतल्या पाण्याचं थारोळं झालं. हातांचं काय करावं त्यांना कळत नव्हतं. मी उशाशी असलेलं ते यंत्र त्यांच्या हातात दिलं, नवा खेळ लावून.

ते खेळायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा. पहिला पडला, दुसरा पडला, तिसरा पडला. नाव भलतीकडंच.

“अगं, हे सगळेच पडतायत.”

“पडू द्या,” मी म्हटलं. “पोहता येतं त्यांना.”

त्यांनी पडद्याकडं नीट पाहिलं. लाल टोपीवाला काठावर चढून अंग झाडत होता. श्रीकांत हसले. मग त्यांनी ओल्या बाहीनं तोंड झाकून घेतलं. बऱ्याच वेळानं, बाही तोंडावर तशीच ठेवून ते म्हणाले, “मागच्या वेळी मी तो खेळ दिला तुला... मला काय बोलावं तेच सुचत नव्हतं गं. म्हणून दिला.”

“माहीत आहे मला,” मी म्हटलं. माहीत नव्हतं. त्या क्षणी कळलं.

मग त्या गेलेल्या बाळाबद्दल आम्ही पहिल्यांदा बोललो. ते कसं असतं, कुणासारखं दिसलं असतं. बाहेर पाऊस चाललेला, नर्स ये-जा करत होत्या, आणि आम्ही दोघं खालच्या आवाजात बोलत होतो. माझ्या छातीवर कितीतरी महिने ठेवलेलं काहीतरी कुणीतरी उचलून बाजूला ठेवावं तसं वाटलं.

सायलीच्या पिढीची मुलं जुने खेळ नव्या यंत्रांत घालून खेळतात, तेव्हा त्यांचे मित्र म्हणतात की यांना बालपण परत हवंय. असेलही. मला नको होतं. जसाच्या तसा तो खेळ मला सोसलाच नसता. तो वेगळ्या यंत्रातून, वेगळ्या रंगात आला, कुणीतरी तो नव्यानं बनवताना पडणाऱ्या माणसांचा विचार केला, म्हणून मी तो हातात धरू शकले. तो बदल कुणी केला असेल, कुठल्या देशातल्या कुठल्या खोलीत बसून, आणि का, हे मला कधी कळणार नाही. बहुधा त्याला नुसती गंमत वाटली असेल. पण त्याचे माझ्यावर उपकार आहेत.

परवा सायलीनं विचारलं, “आई, यात दोन्ही घातलेत मी. काळाही आणि रंगीतही. तुझा कुठला?”

“रंगीत माझा,” मी म्हटलं. “पण आज काळा लाव.”

सावल्यांसकट तिनं तो लावला. मी खेळले. बराच वेळ कुणी हुकलं नाही. मग एक हुकला. घोगरा आवाज आला, तोच, आणि कोपऱ्यात फुली उमटली. मी श्वास रोखून धरला होता. मग कळलं, की माझा अंगठा थांबलेलाच नाही. पुढचा माणूस निघाला होता आणि त्याच्याखाली नाव पोचलेली होती. टिक्. मी हळूच श्वास सोडला. सायलीला काही जाणवलं नाही. ती मोबाईलमध्ये बघत शेंगा खात होती. तिला जाणवावं असं काही नव्हतंच.

तिचा जन्म दसऱ्यानंतर झाला. पाऊस परतला होता, आभाळ धुतल्यासारखं दिसत होतं. जन्मताच ती इतकी रडली की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “बस बस, सगळ्यांना कळलं.” श्रीकांतनी तिला हातात घेतलं आणि कारखान्यात बोलतात तसे मोठ्यानं बोलायला लागले. त्यांचं त्यांनाच भान नव्हतं. सुमनबाईंनी डिंकाचे लाडू केले, आणि दिवाळीत आमच्या दोन्ही दारांपुढं मिळून एकच रांगोळी काढली.

अभय तोवर समुद्रावर कुठंतरी होता. त्याला तार केली होती, पण ती पोचली की नाही याचा पत्ता नव्हता. आमच्या घरी तेव्हा फोन नव्हता. बिल्डिंगखालच्या किराणा दुकानात होता, आणि परदेशातून अभयचा फोन आला की दुकानदार खालून हाक मारी, मग श्रीकांत धावत जाऊन बोलून येत. पहिलं बाळ गेलं त्या हिवाळ्यापासून त्याचा फोन मी एकदाही घेतला नव्हता. आधी जावंसं वाटायचं नाही म्हणून, आणि मग जाता येत नव्हतं म्हणून.

सव्वा महिना होऊन गेल्यावर एका सकाळी खालून हाक आली. श्रीकांत दाढी करत होते. अर्ध्या गालावर फेस. ते टॉवेल शोधायला लागले, तशी मी म्हटलं, “राहू द्या. मी जाते.” सायली सुमनबाईंच्या मांडीवर तेल लावून घेत होती. मी चपला घातल्या. जिन्याच्या कठड्याला हात न लावता उतरले. खाली ऊन होतं. दुकानदारानं मला बघितलं आणि स्टूल पुढं केलं. मी बसले नाही. उभ्यानंच फोन घेतला.

“हॅलो.”

लांबून, पाण्यातून आल्यासारखा आवाज आला. “हॅलो, भावजी?”

“भावजी नाही. मी.”

पलीकडं काही वेळ नुसती खरखर होती.

“ताई? तू? तू खाली कशी आलीस?”

“चालत,” मी म्हटलं. “चालत आले. मुलगी झाली, अभय.”